दिंडोशीचा बाक

पार्ल्यात साठ वर्षे काढलेल्या माणसाला दिंडोशी ठाऊक असते ती बसच्या कपाळावरच्या पाटीवरून. पाटी वाचायची, आपली बस नव्हे असे म्हणून मान फिरवायची, एवढाच आमचा आणि दिंडोशीचा संबंध. दोन वर्षांपूर्वी आमची भाची नोकरीसाठी तिथे भाड्याच्या जागेत राहायला गेली, तेव्हाही मी ‘छान, जवळच आलीस’ एवढे म्हणून गप्प बसलो. मुंबईत जवळ राहणाऱ्या नातेवाइकाकडे माणूस सहसा जातच नाही.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून ताईचा फोन आला.

“कार्टी गणपतीला आली नाही रे! फोन केला की म्हणते, काम फार आहे. आवाजही बरा वाटत नाही. तू जाऊन ये. डबा पाठवते तुझ्याकडे, तो घेऊन जा.”

कोकणातल्या माणसाच्या घरी पोरगी गणपतीला येत नाही, ही गोष्ट साधी नव्हे. डबा आला. त्यात उकडीचे मोदक नव्हते, ते टिकत नाहीत. पण करंज्या, खोबऱ्याच्या वड्या आणि तळाशी कागदात बांधलेला अंगारा होता. तो घेऊन मी एका बुधवारी निघालो.

गुंदवलीपर्यंत रिक्षा आणि तिथून मेट्रो. आरे ते दहिसर हा तिचा टप्पा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये गाडी खाली गुंदवलीपर्यंत आली. द्रुतगती महामार्गाच्या डोक्यावरून ती जाते. खाली मोटारी मुंग्यांसारख्या अडकलेल्या आणि आपण वरून चाललेलो, यात थोडा दुष्ट आनंद आहे. तो मी लपवीत नाही. गोरेगावला निर्लॉनचे आवार आहे. आमच्या तरुणपणी तिथे नायलॉनचे सूत निघत असे. आज त्याच जागेवर नॉलेज पार्क आहे आणि काचेच्या इमारतींत परदेशी बँकांचे हिशेब चालतात. सूत गेले, धागे मात्र राहिले, आता ते समुद्रापलीकडे पोचतात.

हे धागे इथे कसे आले, ती हकीकत मोठी गमतीची आहे. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली मुंबईत निघाली. त्या काळी संगणक बाहेरून आणायचा तर परकीय चलन लागे, आणि ते मिळवायचे तर परदेशचे काम करून द्यावे लागे. १९७४ साली तिने बरोज कंपनीचे यंत्र आणले ते असेच, निर्यातीच्या बोलीवर. आदल्याच वर्षी, १९७३ साली, अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यातीचे आवार उघडले होते. पुढे पुण्यात पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८१ साली इन्फोसिस काढली. सांगायचा मुद्दा असा, की या धंद्याची पत्रिका मांडली गेली तेव्हाच त्यात एक योग पडला: पगार देणारा एक आणि काम सांगणारा दुसरा. पहिला अंधेरीत, दुसरा अमेरिकेत. पुढे अंधेरीची जागा अपुरी पडली, तशी ही कचेऱ्यांची रांग महामार्गाच्या कडेने गोरेगाव, मालाड करीत वर सरकली. दिंडोशी त्या वाटेवर लागते.

स्टेशनातून उतरलो. जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग इथून पूर्वेला डोंगराकडे चढत जातो. १९८३ ते १९८६ या काळात आपले लष्करप्रमुख असलेल्या या मराठी सेनानीचे नाव रस्त्याला दिले आहे. रिक्षावाल्याला मात्र तो ‘डेपोवाला रोड’ म्हणूनच समजतो. वाटेत बेस्टचा डेपो. सत्र न्यायालयही याच भागात आहे. काळ्या डगल्यांतली माणसे झपझप चालताना दिसली. मृणालताई गोरे आणि त्यांचे सहकारी यांच्या धडपडीतून उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत इथलीच. बेताच्या मिळकतीच्या माणसालाही मुंबईत स्वतःचे दार असावे, या हट्टापायी इथे हजारो बिऱ्हाडे वसली. त्यापलीकडे १९७७ सालची चित्रनगरी आणि तिच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे रान. २०२३ साली तिथल्या एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबळ्या पिल्लासह येऊन गेला. म्हणजे न्याय, निवारा, नाटक आणि बिबळ्या हे सारे एका हाकेच्या टापूत. आणि यांच्या मधोमध काचेच्या इमारती, ज्यांत पोरे दिवसभर पडद्याकडे बघत बसलेली असतात.

भाची तिच्या कचेरीच्या फाटकाबाहेर उभी होती. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, डोळ्यांखाली काळे. मला वाटले होते, मामाला पाहून पळत येईल. ती हळूहळू आली.

“मामा, तू कशाला आलास एवढ्या उन्हात?”

“ताईने डबा दिलाय.”

डब्याकडे पाहून तिने मान वळवली. मी काही बोललो नाही. पोरींची मान वळली की मामाने गप्प बसावे, हे मला अनुभवाने कळते.

समोरच्या टपरीवर तिच्या बरोबरची चौघे चहा पीत होती. एक विदर्भातला, एक सांगलीचा, एक मालवणी मुलगी आणि एक बंगाली, जो मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत होता. डबा उघडला आणि करंज्यांनी ओळख करून दिली. मी आपला जुन्या पद्धतीने विचारता झालो, “काय रे पोरांनो, नोकरी बरी आहे ना?”

या प्रश्नाने जणू नळ सुटला.

आधी त्यांनी चांगले सांगितले, आणि मनापासून सांगितले. सांगलीकर म्हणाला, “काका, वडील एसटीत वाहक होते. पहिल्या पगारातून त्यांचा मोतीबिंदू काढला. ही नोकरी नसती तर कुठून काढला असता?” मालवणी मुलगी म्हणाली, रात्री उशीर झाला तर कंपनीची गाडी घराच्या दारात सोडते, आई निर्धास्त झोपते. २०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानेच मिळते, आणि तिच्या ताईला ती विनातक्रार मिळाली. विदर्भवाल्याला शिकणे आवडते: नवी विद्या आली की कंपनी परीक्षेचे पैसे भरते. बंगाल्याला आवडते ते वरिष्ठांना नावाने हाक मारणे. “पण रजा मागताना,” तो हसत म्हणाला, “जीभ आपोआप ‘सर’ म्हणते.”

मग नावडते निघाले. राजीनामा दिला तर नव्वद दिवस सुटका नाही. कंपनीला नकोसे झालात तर मात्र सगळे आटोपायला एक दुपार पुरते. वर्षअखेर गुण देतात. दहाजणांनी सारखेच चांगले काम केले तरी कोणाला तरी खालच्या पायरीवर बसवावेच लागते. नव्या पोरांचा पगार मोठ्या कंपन्यांत कित्येक वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो, आणि दिंडोशीचे घरभाडे काही घुटमळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, असे म्हटले होते. त्यावर विदर्भवाला म्हणाला, “काका, तास देतो की आम्ही. पण संपले हे कोणी सांगत नाही.”

हे वाक्य माझ्या मनात रुतले. आमचे वडील परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. भोंगा वाजला की ते हजेरीचे पुस्तक उघडीत, भोंगा वाजला की मिटीत. गिरणीत सुख होते असे नव्हे. धूळ होती, खोकला होता, आणि १९८२ च्या संपात शेवटी संसारच्या संसार बुडाले. पण भोंगा सगळ्यांना ऐकू जाई. काम सुरू झाले, काम संपले, हे गिरणगावातल्या तान्ह्या पोरालाही कळे. या मुलांना आपली हजेरी आपणच लिहावी लागते, दर आठवड्याला, कोणत्या गिऱ्हाइकाचे किती तास ते मांडून. भोंगा मात्र त्यांच्या खिशात असतो आणि तो रात्री अकरालाही वाजतो.

चौघे परत गेली. भाची बसून राहिली.

“तुला नाही जायचं?”

“मला काम नाहीये, मामा. मी बेंचवर आहे.”

मला वाटले, शाळेसारखे काही तरी असेल. आमच्या वेळी बाकावर उभे करीत. तिने समजावून सांगितले. एका गिऱ्हाइकाचे काम संपले आणि दुसऱ्याचे मिळाले नाही, की मधल्या काळाला बेंच म्हणतात. पगार चालू असतो, पण घड्याळही चालू असते. जून २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने नियम केला, की वर्षात २२५ दिवस तरी गिऱ्हाइकाच्या कामावर असले पाहिजे आणि बाकावर ३५ दिवसांहून अधिक नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर झाले. भाचीची कंपनी वेगळी, पण वारा सगळीकडे सारखाच वाहतो.

“आज सत्ताविसावा दिवस,” ती म्हणाली. “रोज येते, नवं काही शिकते, पाच ठिकाणी विचारते. सगळे गोड बोलतात. ठेवणार की काढणार, एवढं एक कोणी सांगत नाही. काढलं तरी चालेल रे, पण सांगा! माणसाला अंधारात ठेवायचं म्हणजे काय?”

तिचे डोळे भरून आले. मी समजूत घालायला तोंड उघडले आणि मिटले. कारण माझ्या मांडीवर तो डबा होता आणि तळाचा अंगारा अजून तसाच होता.

“तू ताईला सांगितलंस?”

“नाही. तिला झोप लागणार नाही.”

“ती तशीही झोपत नाहीये. काम फार आहे म्हणून तू गणपतीला आली नाहीस, असं तिला वाटतंय. म्हणजे अंधारात तीही आहेच की.”

ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. एक बस डेपोत शिरली, दुसरी बाहेर पडली. मग तिने फोन लावला. तिचे बोलणे मी ऐकले नाही, म्हणजे ऐकत नसल्यासारखे केले. दोन मिनिटे नुसते “हो”, “नाही”, “सत्तावीस” एवढेच चालले होते. आणि मग एकाएकी फोनमधून ताईचा आवाज असा फुटला, की टपरीवाल्यानेही वळून पाहिले:

“काम नव्हतं, तर मग गणपतीला यायला काय झालं होतं तुला?”

भाची हसली. रडता रडता हसली, आणि तिने अंगारा काढून कपाळाला लावला.

डबा रिकामा परत देऊ नये, ही आमच्याकडची रीत तिला आठवली. टपरीवाल्याकडून तिने मूठभर साखर मागून घेतली आणि डब्यात घातली. पैसे द्यायला गेली तर त्याने ते घेतले नाहीत. “मेहमान आये हैं,” तो म्हणाला.

पुढे तिला काम मिळाले, बत्तिसाव्या दिवशी. पण पुण्याच्या शाखेत. चार दिवसांत दिंडोशीची जागा सोडावी लागली. निघण्याआधी ती दोन रात्री डोंबिवलीला आईजवळ राहून गेली. नवे काम आवडते, म्हणाली. ते किती दिवसांचे, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही. पण आता ती दर रविवारी आईला फोन करते आणि असेल तेच सांगते.

मी अजून पार्ल्याच्या थांब्यावर उभा असतो. दिंडोशीची पाटी लावलेली बस येते. आता मात्र मान फिरवीत नाही.