कंदाचा माथा

सराफ्यात रात्री सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात, हे इंदूरकरास सांगावयास नको. थंडीत तेथे गराडू तळतात. मसाला भुरभुरलेला तो कंद चाखताना, त्याची रानातली भावंडे कडू, क्वचित विषारीही असतात, याची आठवण कोणास होत नाही. मला ती होऊ लागली, त्यास निमित्त झाले नातवाचे जंगल-शिबिर. चार दिवसांत त्याला काठीवर काठी घासून अग्नी पाडण्याची आदिम विद्या शिकवली गेली. धूर निघाला, अग्नी काही निघाला नाही. प्रमाणपत्र मात्र मिळाले. ‘‘रानात खाल्लेस काय?’’ असे विचारता चिरंजीव उत्तरले, ‘‘मॅगी, आजोबा.’’

मला सातपुड्यातील जीवनशाळा आठवल्या. नर्मदेच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यातील चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नर्मदा बचाओ आंदोलनाने या निवासी शाळा सुरू केल्या. ‘लढाई-पढाई साथ-साथ’ हे त्यांचे ब्रीद. पुष्कळसे गुरुजी त्याच पाड्यांतले. अक्षरे मराठी, पण गोष्टी, झाडे आणि औषधी पाला मुलांच्या पावरी-भिलाली बोलीतून. अशा एका शाळेत काही वर्षांपूर्वी मी दोन दिवस राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मुलांना घेऊन डोंगरावर गेले. वेल वाळून गेलेली, तिचा दोरा मातीत कोठे शिरला हे दहा वर्षांच्या एका मुलाने बोटाने दाखवले. हातभर खणल्यावर कंद लागला. कडू जातीचा असेल तर तो उकडावा, पातळ चकत्या कराव्यात, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवाव्यात. कडूपणा पाणी घेऊन जाते. पाणी साचलेले चालत नाही, हे त्या मुलाने मला दोनदा बजावले. नंतर त्याने कंदाचा वरचा माथा कापून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरला आणि वर माती लोटली. पुढल्या पावसाळ्यात वेल तेथूनच फुटते. गुरुजींनी याविषयी काही शिकवल्याचे मला दिसले नाही. ते नुसते पाहत उभे होते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा हात घरची सवय विसरतो आहे की नाही, एवढेच ते तपासत असावेत.

शहरी शिबिरात रानातून जिवंत बाहेर कसे पडावे ते शिकवतात. येथे रानात पुढल्या वर्षी पुन्हा यावयाचे आहे, हे गृहीत धरलेले असते. दोहोंना एकच ‘आदिम’ शब्द लावणे मला तरी जड जाते. घरोघरी निवडून वाळवलेली मोहाची फुले पावसाळ्याच्या टंचाईसाठी राखलेली असतात. आपल्या पूर्वजांच्या बळदांत याहून वेगळा विचार कोणता होता?

परंतु रान आहे तेथे राहिले नाही. मणिबेलीची घरे १९९३ च्या पावसाळ्यात पाण्याखाली गेली. सरदार सरोवराचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचले. पाणी चढले तशा काही शाळाही डोंगरावर सरकल्या. सरकल्या नाहीत त्या काठच्या उतरणी, आणि त्यांतले कंद. ओहोळांची खालची अंगे जलाशयात गेली. तेथे आता पाणी उदंड आहे, पण ते वाहत नाही.

इंदूरच्या नळांस १९७८ पासून हीच नर्मदा येते, ती वरच्या अंगाला जलूदहून. तिचे खालचे गाव आपणांस ठाऊक नसते, इतकेच.

निघताना गुरुजींनी मला एक वही दाखवली. रानातल्या खाद्य कंदांची पावरी नावे मुलांनी आजी-आजोबांना विचारून तीत उतरवली होती, आणि प्रत्येक नावापुढे वेलीचे चित्र काढावयाचे होते. दोन नावांपुढची जागा कोरी होती. त्या वेली काठाला होत्या. वर्गातल्या कोणीही त्या पाहिलेल्या नव्हत्या.