आखडलेला खांदा

देहाचा एखादा अवयव रुसून बसल्याखेरीज मनुष्याला त्याची खरी ओळख होत नाही. नोकरीनिमित्त दुबईत राहात असता माझा डावा खांदा असाच रुसला. प्रथम त्या कुशीवर निजवेना. पुढे सदऱ्याच्या बाहीत हात घालणे कठीण झाले आणि वरच्या फळीवरील उदबत्तीचा पुडा तर दुर्लभच झाला.

या व्याधीस 'फ्रोझन शोल्डर' हे नाव अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते व आकसते. आधी वेदना, मग आखडलेपणा, शेवटी हळूहळू मोकळीक, असा हा क्रम बहुधा एक ते तीन वर्षे चालतो. चाळिशी ते साठीच्या माणसांना, विशेषतः मधुमेह्यांना, तो अधिक गाठतो.

आमच्याच इमारतीतील एका कोकणी रंगाऱ्यास हेच दुखणे जडले. तो म्हणाला, "भाऊ, बरा होईन हे खरे, पण कधी?" त्या प्रश्नाने मी अंतर्मुख झालो. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यान्वये उमेदवारीचा काळ संपलेल्या कामगारास वर्षाकाठी ९० दिवस आजारपणाची रजा मिळते: १५ दिवस पूर्ण पगारी, ३० दिवस अर्ध्या पगाराची, उरलेली बिनपगारी. व्याधीचे पंचांग मात्र याहून फार लांबीचे! ज्याचा हात हीच ज्याची मिळकत, त्याने उपचार निवडताना या दोन्ही काळांचा मेळ घालावा लागतो.

वेदनेच्या पहिल्या काळात सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे दुखणे हलके करते. मात्र त्याने मधुमेह्याची साखर काही दिवस चढते. त्या सवलतीत व्यायाम साधावा: वाकून हात लंबकासारखा झुलवावा, बोटांनी भिंत चढावी. वेदना फार वाढेल इतका जोर मात्र करू नये. एवढ्याने भागले नाही, तर भूल देऊन खांदा हलवून मोकळा करतात, किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने आवरण सोडवतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शनसह व्यायाम, भूल देऊन हालचाल व शस्त्रक्रिया या तिन्ही मार्गांनी वर्षभरात रुग्ण पुष्कळ सुधारले; कोणताही एक मार्ग निर्विवाद श्रेष्ठ ठरला नाही. मग साध्या मार्गाने आरंभ करण्यातच शहाणपण नाही काय?

त्या रंगाऱ्याने वेळीच इंजेक्शन घेतले, नेमाने व्यायाम केला, आणि मुकादमाने त्यास काही महिने खालच्या उंचीचे काम दिले. त्याची नोकरी टिकली.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आपले पूर्वज करारावर राबत, तेव्हा एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापली जाई. दुखरा खांदा लपविणे त्यांना भाग होते, आपणांस नाही. म्हणून बंधुभगिनींनो, खांदा दुखू लागताच वैद्याकडे जावे, रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि हात झोळीत बांधून ठेवू नये. आपल्या हाताखाली कुणी राबत असेल, तर त्याच्या खांद्याचीही चौकशी करावी.