समास सोडून

मराठीत 'समास' या शब्दाचे संसार पुष्कळ आहेत. व्याकरणात दोन पदे एकत्र येतात तो समास. वहीच्या पानावर डाव्या हाताला जी कोरी पट्टी सोडतात तोही समास. आणि समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या वीस दशकांत प्रत्येकी दहा याप्रमाणे जी दोनशे प्रकरणे मांडली, तेही समासच. या शब्दाचा आणखी एक संसार आहे हे मला वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर कळले. घराची भिंत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला नगररचनेच्या भाषेत 'सामासिक अंतर' म्हणतात. आमच्या घराचे उत्तरेकडचे सामासिक अंतर वीस सेंटिमीटरने कमी भरले आणि तेव्हापासून हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिताना हात किंचित अडखळतो.

या भाषेत असे इतरही शब्द आहेत. जमिनीवर किती बांधायचे ते ठरवणारा 'चटई क्षेत्र निर्देशांक'. घरात राहायला जाण्याची मुभा देणारे 'भोगवटा प्रमाणपत्र'. ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास मिळाली असे समजायची ती 'मानीव' परवानगी. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात तिची तरतूद आहे आणि मुदत साठ दिवसांची आहे. अर्थात बांधकाम नियमांत बसणारे असेल तरच, आणि ते बसते की नाही हे सांगणारा त्या साठ दिवसांत बोललेला नसतो. सर्वांत मोहक शब्द 'प्रशमन शुल्क'. नियमाबाहेरचे जे बांधकाम पाडायचे नाही, ते पैसे भरून नियमित करून घेण्याचे हे शुल्क. काव्यशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला 'प्रशमन' म्हटले की शम हा स्थायी भाव आणि शांतरस आठवतो. इथे नेमका कोणाचा भाव शमतो, हे चलन हातात घेतल्यावर समजते. असो.

तर गोष्ट अण्णांच्या घराची आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, घनसावंगी तालुक्यातले. समर्थांचे जन्मगाव जांब त्याच तालुक्यात आहे. लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेल्या आणि पुढे घर असे न केलेल्या त्या पुरुषाच्या मुलखातून हा माणूस १९७९ साली जालन्याला आला तो मात्र घर करण्यासाठीच. शेती कोरडवाहू, भाऊ चार. जालन्यात तेव्हा लोखंडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. भंगार भट्टीत वितळवायचे, त्याचे ठोकळे ओतायचे, ते पुन्हा लाल करून रोलमधून काढत काढत सळई करायची, हा या गावचा उद्योग. बियाण्यांइतकेच जालन्याचे नाव आज सळईवर चालते. अण्णांनी रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षे काढली. चिमट्याने धगधगती कांब धरून पुढच्या रोलमध्ये घालण्यापासून सुरुवात केली आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जे डाग आहेत, त्यांना ते 'पगारपत्रक' म्हणतात.

औद्योगिक वसाहतीची रचना ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. १९६१च्या कायद्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि १ ऑगस्ट १९६२पासून कामाला लागले. आपल्या अधिसूचित क्षेत्रात हे महामंडळ स्वतःच विशेष नियोजन प्राधिकरण असते. म्हणजे तिथला बांधकाम नकाशा मंजूर करणारे तेच. ते भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. आधी करार, मग ठरलेल्या मुदतीत बांधकाम, मग पूर्णत्वाचा दाखला, आणि तो हाती आला की भाडेपट्टा. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२०पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली या क्षेत्राला लागू नाही. त्यांची नियमावली वेगळी. परिणामी एमआयडीसीच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या दारातून रस्ता ओलांडला की नियमांचे पुस्तकच बदलते. तिकडच्या आखीव भूखंडांत कारखाने राहतात. कारखान्यात काम करणारी माणसे कुठे राहणार, याचे उत्तर मात्र आराखड्यात पुरेसे सापडत नाही. ते उत्तर कडेच्या शेतांनी दिले आणि त्याला कायद्याने नाव ठेवले 'गुंठेवारी'.

एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. शेतकरी एकर-दोन एकराचे तुकडे पाडतो, चुन्याची फक्की टाकून रस्ते दाखवतो आणि बॉण्डपेपरवर प्लॉट देतो. अकृषिक परवानगी नसते, मंजूर रेखांकन नसते. १९४७चा तुकडेबंदी कायदा असली वाटणी मुळातच मान्य करत नव्हता. पण मंजूर रेखांकनातला प्लॉट गिरणीतल्या पगारात येत नसे. १९९१ साली अण्णांनी दोन गुंठे घेतले. १९९६ साली तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा एवढे घर बांधले. परवाना कोणीच मागितला नाही, कारण तो देणारे कार्यालय कोणते, यावर गल्लीत दोन मते होती. (मते आजही दोनच आहेत.)

पुढे २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणला. १ जानेवारी २००१पूर्वीचे तुकडे त्यात बसत होते. आमच्या गल्लीतून तेव्हा फारसे कोणी गेले नाही. शुल्क जड होते, आणि घर तर उभेच होते. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे आली. गंमत अशी की त्याच २०२१च्या जुलैत तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत, असे नोंदणी विभागाचे परिपत्रकही निघाले. म्हणजे एका हाताने जुने तुकडे पदरात घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांची खरेदीखते थांबवायची. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ साली ते परिपत्रक रद्द ठरवले. दोन्हींच्या मधल्या काळात ज्यांनी लेकीच्या लग्नासाठी प्लॉट विकायला काढला होता, त्यांचे काय झाले ते त्यांनाच विचारावे.

आम्हांला ही दुरुस्ती हवी होती ती धाकट्या भावासाठी. त्याला वर दोन खोल्या काढायच्या होत्या. बँक मंजूर नकाशाशिवाय कर्ज देत नाही, आणि मूळ घरच नियमित नसेल तर वरच्या मजल्याचा नकाशा कसा मंजूर होणार? दुसरेही एक कारण होते, ते अण्णांनी एकदाच बोलून दाखवले. "माझ्या माघारी तुम्ही दोघं भाऊ बॉण्डपेपर घेऊन फिरायला नाही पाहिजेत." तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

अर्ज गेला २०२२च्या उन्हाळ्यात. कोणत्या कार्यालयात, ते लिहीत नाही. या गोष्टीत ते तसे महत्त्वाचेही नाही. पहिले सात महिने हद्द ठरवण्यात गेले. आमच्या बॉण्डपेपरवर प्लॉटच्या चतुःसीमा लिहिलेल्या आहेत: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, उत्तरेस अमुक यांचा प्लॉट, दक्षिणेस लिंबाचे झाड. ते झाड २००४ साली वाळून गेले. २१७८ चौरस फुटांचा प्लॉट मोजणीत १९९२ भरला, कारण रस्ता रुंद होत होत आत आला होता. मग स्थळपाहणी. पाहणीला आलेला तरुण अभियंता सौजन्याने वागला, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. अशा लेखांत तपासणीला येणारा माणूस ठरल्यासारखा उर्मट असतो, तसा तो नव्हता. आईने दिलेले सरबत त्याने घेतले, फीत काढली, चारी बाजूंची अंतरे लिहिली. उत्तरेला वीस सेंटिमीटर कमी. पूर्वेला ओट्याची सव्वा मीटर पट्टी रस्तारेषेत. ओटा काढावा लागेल, म्हणाला. आई तिथे दुपारी गहू निवडते, संध्याकाळी बसते. गिरणीचा भोंगा ऐकून किती वाजले ते सांगण्याची तिची सवय अजून गेलेली नाही. तिने फक्त विचारले, "पायऱ्या तर राहतील ना?"

मला राग आला तो ओट्याचा नव्हे. पाऊण तासात त्या घराच्या लांबीरुंदीबद्दल सगळे विचारले गेले. ते कशाने उभे आहे याबद्दल एकही प्रश्न आला नाही. खुर्चीत बसलेला म्हातारा जन्मभर तीच वस्तू घडवत होता. त्याने आपल्या घरासाठी चार सुती सळई स्वतः वजन करून निवडली होती. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे बारा मिलिमीटर. कारागिरांच्या तोंडी अजून सूतच आहे.) व्यासाचा वर्ग करून १६२ने भागले की मीटरला किती किलो ते येते, हे सूत्र अण्णा आम्हांला पाढ्यांसारखे पाठ करून घेत. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ८८९ ग्रॅम. त्याहून फार हलकी लागली की समजायचे, रोल घट्ट आवळलेले आहेत आणि गिऱ्हाइकाचे लोखंड गिरणीतच राहिले आहे.

मी घरात बराच आवाज चढवला. हे सगळे नियम कागदासाठी आहेत, माणसासाठी नाहीत, वगैरे. आपल्या साहित्याने आपल्याला एक तयार भूमिका देऊन ठेवली आहे: कचेरी म्हटली की ती निर्दय आणि खेटे घालणारा म्हटला की तो भाबडा. अण्णा त्या भूमिकेत बसायला तयार नव्हते. ते म्हणाले, "नियम पाहिजेतच. किल्लारीला काय झालं?"

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, सात हजारांहून अधिक माणसे गेली. धक्क्याने जितकी गेली नसतील तितकी घरांनी मारली. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांना बांधून ठेवणारे काही नाही, आणि वर माळवदाचा मातीचा थर, दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून जाड होत गेलेला. उन्हाळ्यात गारवा देणारे, आपल्या लेखकांनी प्रेमाने वर्णिलेले मराठवाडी घर ते हेच. त्या काळी तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. अण्णांच्या घनसावंगीच्या घरालाही माळवदच होते. १९९६ साली आपल्या घराला त्यांनी कॉलम दिले, जोत्याला आणि दाराखिडक्यांवर सलग पट्टे दिले, ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. त्यांच्या गिरणीतल्या औसा तालुक्याच्या एका सहकाऱ्याचे घर गेले होते. "कोणी तपासायला आलं असतं तर मला बरंच वाटलं असतं," ते म्हणाले. "आता आलेत तर भिंतीची फीत घेतेत. जोत्याच्या वेळी यायला पाहिजे होतं."

नियमांत तशी सोय आहे. जोते पूर्ण झाले की कळवायचे, ते तपासून दाखला मिळतो, मग पुढे चढायचे. पण ही शिडी परवान्यापासून सुरू होते, आणि ज्याला परवान्याच्या दाराशीच येता येत नाही, त्याचे जोते कोणाला दिसत नाही. २०२०च्या नियमावलीने छोट्या प्लॉटवरच्या घरांना परवानगी पुष्कळ सोपी केली. दीडशे चौरस मीटरपर्यंत तर जवळजवळ स्वतःच्या जबाबदारीवर. हे चांगलेच झाले. तरी प्लॉट अधिकृत असल्याशिवाय त्या सोपेपणाला हात लागत नाही. गिरणीकामगारांच्या या गल्ल्यांतली बहुतेक घरे म्हणूनच कोणत्याही अभियंत्याच्या नजरेखालून न जाता उभी राहिली. ती उभी आहेत, याचे श्रेय गवंड्यांना आणि काही अंशी नशिबाला.

प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून २०२४च्या दिवाळीआधी घर नियमित झाले. ओट्याची पट्टी आम्हीच काढली. पायऱ्या राहिल्या. वरच्या मजल्यासाठी मात्र संरचनात्मक स्थैर्याचा दाखला लागतो. त्यासाठी भावाने एका अनुभवी संरचना अभियंत्यांना आणले. त्यांनी कॉलमवर हातोड्यासारखे यंत्र टेकवून ठिकठिकाणी आकडे घेतले, आणि मग गच्चीवर गेले. आपल्याकडे घर बांधताना पुढच्या मजल्याच्या आशेने कॉलमच्या सळया गच्चीवर हातभर वर ठेवतात. आमच्याही बारा सळया सत्तावीस वर्षे तशाच उभ्या होत्या. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्यांनाच बांधलेल्या. दर मे महिन्यात अण्णा सिमेंटची घोळ करून ब्रशने त्यांना फासत, गंज चढू नये म्हणून.

अभियंत्यांनी एका सळईवरचा सिमेंटचा थर खरवडला आणि वाकून पाहिले. "ही पिळाची आहे. टॉर," ते म्हणाले. "कुठली?"

अण्णांनी गिरणीचे नाव सांगितले, महिना सांगितला, पाळीही सांगितली. पुढे अर्धा तास ते दोघेच बोलत होते. पिळाच्या सळईत आतला ताण राहतो म्हणून तिला गंज लवकर धरतो. पुढे पाण्याने झटकन थंड करून कडक केलेली सळई आली तेव्हा गिरणीत काय काय बदलावे लागले. रिंगा किती अंतरावर टाकल्या. वाळू कुंडलिकेची की दुधनेची. अभियंते वहीत लिहून घेत होते. भावाने खालून चहा झाल्याची दोनदा हाक मारली, ती दोघांनाही ऐकू आली नाही.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. कॉलम आणि पाया एका मजल्याचा भार घेण्यास सक्षम. बारापैकी चार सळयांचा व्यास गंजाने घटलेला असल्याने त्या कापून रासायनिक पद्धतीने नव्या बसवाव्यात. नकाशा दाखल झाला आहे. उत्तरेचे अंतर वरच्या मजल्यालाही कमीच पडते, म्हणून भिंत वीस सेंटिमीटर आत घेतली आहे. नव्या चार सळया अण्णांनी स्वतः जाऊन आणल्या. दुकानातल्या काट्यावर त्यांनी मीटरभराचा तुकडा ठेवायला लावला. आठशे ऐंशी ग्रॅम भरला. "चालेल," म्हणाले.