पहिली मॅच देवाला

दोस्तांनो, तुमची टीम हरली की तुम्ही काय करता? जेवत नाही? धाकट्या भावाच्या पाठीत धपाटा घालता? लाजू नका, मीही यातून गेलोय.

२०२५ सालच्या मार्चमधली गोष्ट. २४ तारखेला, सोमवारी सकाळी मी पारोळ्यात माझ्या चौथीच्या वर्गात शिरलो, तर रोज एका बाकावर बसणारी जोडगोळी फुटलेली! एक खिडकीशी, दुसरा पार दाराजवळ. खिडकीवाल्याचे डोळे सुजलेले. "काय झालं रे?" उत्तर तिसऱ्यानेच दिलं, "सर, त्यानी मुंबई हारी गयी!"

आदल्या रात्री चेन्नईला आयपीएलमधला मुंबई इंडियन्सचा पहिला सामना होता. रोहित शर्मा शून्यावर बाद झाला, मुंबईच्या कशाबशा १५५ धावा झाल्या आणि चेन्नईने पाच चेंडू राखून सामना जिंकला. खिडकीवाला मुंबईचा, दारवाला चेन्नईचा. त्याने म्हणे रात्री मित्राच्या घरासमोर जाऊन थाळी वाजवली होती.

मी समजूत काढायला गेलो. मुंबईचे चाहते म्हणतात तेच म्हणालो, "अरे, पहिली मॅच देवाला! दरवर्षी पहिली हरतात आणि मग कप आणतात."

पुढच्या बाकावरची एक मुलगी गणितात फार पक्की. म्हणाली, "दरवर्षी कप, सर?"

झालं! फळ्यावर हिशोब मांडावा लागला. २०१३ पासून मुंबईने प्रत्येक हंगामातला पहिला सामना गमावलेला. त्यातले बारा हंगाम संपलेले. कप मिळाला २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० ला, म्हणजे पाचदा. बारातून पाच गेले, सात उरले. २०१५ ला तर पहिले चार सामने हरून कप आला, पण २०२२ ला पहिले आठ हरले आणि दहा संघांत मुंबई शेवटची राहिली.

"म्हणजे सात वेळा देव नैवेद्य खाऊन झोपला?" ती म्हणाली. सगळा वर्ग हसला, तो मात्र हसला नाही. मुलांना खोटी समजूत लगेच कळते बरं का, पालकहो! मग मी पुस्तक मिटलं आणि माझीच गोष्ट सांगितली.

२००७ साल. मी नववीत होतो. वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक चालू होता आणि १७ मार्चला भारताचा पहिला सामना होता, बांगलादेशाशी. तिकडे दिवस, तेव्हा आपल्याकडे रात्र. त्या काळी आमच्या खेड्यात लोडशेडिंग असं, की लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. त्या दिवशी ती आली रात्री उशिरा. आता गंमत बघा, लाईट आली की टीव्ही चालू होणार आणि विहिरीवरची मोटरही! आप्पा बॅटरी घेऊन दारात उभे. "भाऊ, लाईट उनी, चाल वावरमा."

उन्हाळी भुईमुगाला पाणी भरायचं होतं. हे दोघांचं काम. एकाने मोटरकडे बघायचं, दुसऱ्याने वाफ्यात पाणी वळवायचं. मी जागचा हललो नाही. "मॅच संपली की येतो," म्हणालो.

भारत १९१ धावांत गारद. सचिन सात, धोनी शून्य! बांगलादेशाच्या तमिम, मुशफिकुर आणि शाकिब या कोवळ्या पोरांनी अर्धशतकं ठोकली आणि आपण पाच गडी राखून हरलो. तोवर पहाटच व्हायला आली होती. आप्पा परतले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. एकटे मोटरकडे गेले तेवढ्यात पाट फुटला आणि पाणी नाल्याला लागलं. अर्धा भुईमूग कोरडाच राहिला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट मीच रुसून बसलो आणि धोनीचं पोस्टर फाडून चुलीत घातलं.

मग पेपरात बातमी आली, की चिडलेल्या लोकांनी रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड केली. मी ओरडलो, "बरं झालं!"

आप्पा पाय धूत होते. वर न बघता म्हणाले, "त्या घराच्या गवंड्याने कॅच सोडला होता का रे?"

भारताने पुढे बर्म्युडाविरुद्ध ४१३ धावा केल्या, श्रीलंकेशी हरला आणि पहिल्याच फेरीतून घरी आला. पुढच्या पाळीला मी न बोलावता वावरात गेलो, पण वाळलेला भुईमूग काही हिरवा झाला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धोनीच्या नेतृत्वाखाली आपण ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे होते.

वर्ग गप्प. खिडकीवाल्याने विचारलं, "सर, आप्पांनी मारलं नाही?"

"नाही ना. मारलं असतं तर बरं झालं असतं."

मग मी त्याला विचारलं, "काल तो विघ्नेश पुथुर बघितलास? केरळच्या रिक्षावाल्याचा मुलगा, आयपीएलमधला पहिलाच सामना आणि तीन बळी! मॅच संपल्यावर चेन्नईच्या धोनीने जवळ घेऊन त्याची पाठ थोपटली."

त्याने मान खाली घातली. "मी तव्हय टीव्ही बंद करी टाका व्हता."

त्या दिवशी दोघे वेगवेगळेच बसले. खिचडीही वेगवेगळी खाल्ली. शनिवारी मुंबई पुन्हा हरली, गुजरातशी. मधल्या दिवसांत चेन्नईही दोन सामने हरली. सोमवारी रात्री मुंबईने कोलकात्याला वानखेडेवर हरवलं आणि मंगळवारी खिडकीवाला उड्या मारतच वर्गात आला. दारवाला बाकावर डोकं टेकून बसलेला. आता हा थाळी वाजवणार, असं वाटून मी छडी शोधायला लागलो.

त्याने आधी थोडं चिडवलंच. मग दप्तर उचलून दाराजवळच्या बाकाशी गेला आणि म्हणाला, "सरक ना तिकडे."

त्या वर्षी कप दोघांच्याही टीमला मिळाला नाही.