ज्ञानगंगेतल्या फुलभुंग्यास

फुलभुंग्या,

2019 च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक वाघ 1300 किलोमीटरहून जास्त पायपीट करून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणून त्याच्या वाटेचा नकाशाच पेपरात छापून आला. पुढच्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तर नमुने प्रयोगशाळेत गेले. तुझी दखल मात्र कोण घेतं? कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट ॲरोनं 1910 मध्ये तुझ्या कुळावर ग्रंथ लिहिला खरा, तरी त्यातल्या काही जातींच्या नोंदी आजही बोटांवर मोजण्याइतक्याच.

तेवढ्यावरून तुला दुर्मीळ ठरवायला मी तयार नाही. ज्ञानगंगेतल्या बोथ्याच्या जंगलात माणसं जातात ती अस्वल-बिबट्या बघायला. बाभळीच्या फुलावर कोण वाकतं? त्यात तुझ्या काही भाऊबंदांचं बिऱ्हाड मुंग्यांच्या वारुळात. आणि उडणं तर अजबच. बाकीचे बहुतेक भुंगेरे पाठीवरची टणक झाकणं उघडून पंख पसरतात. तुझी झाकणं मिटलेलीच. त्यांच्या कडेला खाच असते, तिथून पातळ पंख बाहेर काढतोस. भणभण अशी, की गांधीलमाशी समजून माणूस हात झटकतो. राहिली नोंद.

खरा घात उकिरड्यावर होतो. मृगाआधी शेणखत वावरात न्यायला उकरलं, की पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघतात. ‘हुमणी!’ म्हणत त्या ठेचल्या जातात. ज्याच्या सोयाबीनची मुळं हुमणीनं कुरतडली, त्या माणसाचा राग मला कळतो. पण शेणखतातली तुझ्या कुळाची अळी जगते ती कुजलेल्या पाल्यावर, शेणावर, खतच मुरवते. सपाट जमिनीवर ठेवून बघावी: हुमणी कुशीवर वळवळते, ही उताणी होऊन, पाय आभाळाकडे करून, पाठीवर सरपटत निघते. चांगले सहा पाय असताना! एवढी सोपी खूण, पण ठेचण्याआधी पाहायला हवी ना.

तुझं सगळं गोत सज्जन आहे, असं नाही. काही जण ज्वारी-बाजरीच्या कणसांवर ताव मारतात. ते शेतकऱ्याच्या शिव्या खाणारच.

तेव्हा यंदा फुलावर दिसलास, तर जरा बसून राहा. मोबाईल खिशातून काढायला वेळ लागतो. वरून एक, बाजूनं एक फोटो. सोबत तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहून ठेवीन. फोटोवरून जात ठरलीच नाही, तर मात्र एखाद्या जाणकाराच्या भिंगाखाली जायची तयारी ठेव.

तुझा,
एक वऱ्हाडी