अब्बांचा पत्रा

आमचं घर १९७८ सालचं. वारणानगरला लागून, कोडोलीच्या बाजूला. भिंती दगडमातीच्या, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि सगळ्यावर सिमेंटचा पत्रा. धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यांचंच म्हणणं पडलं की आता स्लॅब टाकायचा. मिस्त्री आला. कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि म्हणाला, "काय ओ सर, बावीस पत्रं तर हायती. चार पोरं लावतो, घणानं ठोकलं की दुपारपर्यंत समदं खाली. तुकडं पायात भर म्हणून जिरवू. वाहतूक वाचली."

मलाही ते पटलं होतं. पण त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो बर्मिंगहॅमला असतो. तिथं त्यानं जुनं घर घेतलं. स्वयंपाकघर मोडून वाढवायचं होतं, पण ठेकेदार म्हणाला, आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी, मगच हातोडा. ब्रिटनमध्ये १९९९ साली हा पदार्थ पूर्ण बंद झाला. म्हणून २००० च्या आधीच्या घराला हात लावण्यापूर्वी छत, फरशी, पाइप, सगळं पाहिलं जातं. भाचा हसत म्हणाला, "मामू, गॅरेजवरचा पत्रा बघून मला नानांची आठवण आली. अगदी आपल्या घरावरचाच. आणि तो काढायला पांढरे झगे घातलेले लोक आले. तोंडावर मुखवटे, पाण्याचे फवारे. जणू आत बाँब आहे."

तो हसला. मला हसू आलं नाही. कारण आमच्या घरावरचा तो पत्रा अब्बांनी स्वतः कापून बसवला होता. आणि एकट्या आमच्याच घरावरचा नाही.

आमचा हा भाग पूर्वी माळरानाचा. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं १९५० च्या दशकात इथं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढं दूधसंघ आला, बाजार आला, शाळा-कॉलेजं आली. शेतकऱ्याच्या हातात उसाचा पैसा खेळू लागला आणि पहिला पैसा घरावर गेला. पन्हाळ्याच्या पायथ्याचा पाऊस म्हणजे काय, हे इथल्या माणसाला विचारावं. दर उन्हाळ्यात कौलं शाकारायची, माकडांनी फोडलेली बदलायची, तरी आषाढात घरभर भांडी मांडायची. अशा वेळी सिमेंटचा पत्रा आला. गंजत नाही, जळत नाही, माकडाच्या उडीनं हलत नाही. लोखंडी पत्र्यासारखा तापत नाही, पावसात कानठळ्या बसवत नाही. गरिबाला तो नियामतच वाटला.

अब्बा मूळचे सुतार. कैच्या उभ्या करता करता ते पत्रेवाले झाले. गोठे, गुऱ्हाळं, कोंबड्यांच्या शेड, शाळेच्या खोल्या... वारणेच्या दोन्ही काठांवर त्यांनी किती छपरं चढवली, याचा हिशेब त्यांच्याकडंही नव्हता. एक पत्रा दुसऱ्यावर चढताना कोपरे तिरके कापावे लागतात, नाहीतर चार पत्र्यांच्या जोडात पाणी शिरतं. अब्बा ते कोपरे करवतीनं कापत, हुकासाठी भोकं पाडत, डांबराचा वायसर घालून नट आवळत. त्यांनी घातलेलं छप्पर गळत नाही, ही त्यांची ख्याती होती. आमच्या घरात पैसा फार नव्हता, पण ही ख्याती होती.

शाळेला सुट्टी असली की मी आणि भाऊ त्यांच्या हाताखाली असायचो. पत्र्याचं एक टोक मी धरायचं, अब्बा करवत चालवणार. राखेसारखी मऊ भुकटी उडायची. आमच्या केसांवर, भुवयांवर बसायची आणि आम्ही एकमेकांना "बुढ्ढा, बुढ्ढा" म्हणून चिडवायचो. उरलेल्या तुकड्यांची लगोरी व्हायची. होळीच्या विस्तवात गल्लीतली पोरं ते तुकडे टाकायची. आतला ओलावा तापून तुकडा फटाक्यासारखा फुटायचा आणि आम्ही टाळ्या पिटायचो. संध्याकाळी अब्बा घरी आले की अम्मी दारातच त्यांचा सदरा घेऊन झटकायची. पांढरा ढग उठायचा. मग ती अंगण झाडून काढायची.

अब्बा २००१ साली गेले. शेवटची पाच-सहा वर्षं दम लागायचा. आधी जिना चढताना, मग मशिदीपर्यंत चालताना, शेवटी सजद्यातून उठताना. डॉक्टरांनी दमा म्हटलं, मधे क्षयाची औषधंही झाली. बिडी होतीच. आम्ही सगळा दोष बिडीला देऊन मोकळे झालो. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत. आम्हीही ते सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

भाच्याच्या फोननंतर मी वाचायला बसलो. अ‍ॅस्बेस्टॉस हा काही कारखान्यात तयार झालेला विषारी पदार्थ नाही. तो दगड आहे, पण लोकरीसारखा पिंजता येणारा. बदख्शानात तो सापडे आणि अरब त्याला दिव्याच्या वातीचा दगड म्हणत, कारण वात जळूनही संपत नसे. त्याचं कापड मळलं की आगीत टाकून साफ करीत. आपल्या उर्दू-फारसी शायरीत आगीत राहणारा 'समंदर' नावाचा जीव येतो. हे कापड त्याच जिवाच्या लोकरीचं, असा लोकांचा समज होता. मार्को पोलोनं तो खोडून काढला. हा प्राणी नव्हे, जमिनीतून खणून काढलेला धागा आहे, असं त्यानं लिहिलं आणि ही माहिती आपल्याला एका तुर्क सोबत्यानं दिली, असंही सांगितलं. त्या सोबत्याचं नाव जुल्फिकार. वाचून मला बरं वाटलं. एखाद्या वस्तूचं खरं रूप सांगणारा कुणी जुल्फिकार प्रत्येक घराला भेटायला हवा.

जो गुण त्याला टिकवतो, तोच माणसाला मारतो. हा धागा केसाहून कितीतरी बारीक. श्वासाबरोबर फुप्फुसात खोल गेला की शरीराला तो धड विरघळवता येत नाही, धड बाहेर टाकता येत नाही. फुप्फुस हळूहळू घट्ट होतं. कर्करोग होऊ शकतो. फुप्फुसाच्या आवरणाचा एक कर्करोग तर बहुतेक वेळा याच धाग्यामुळं होतो. आणि हे सगळं वीस, तीस, चाळीस वर्षांनी. सोबत बिडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. दुसऱ्या देशांत असंही दिसून आलं की कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या बायकांना हा आजार झाला. त्यांनी फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे झटकले आणि धुतले होते.

ही ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. अम्मी आत तसबीह ओढत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, अल्लाहच्या कृपेनं श्वास ठीक आहे. तिला मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आपल्याकडंही हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या बाबतीत निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं आणि कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं त्याच्या तब्येतीची नोंद ठेवायला सांगितली. निकाल कारखान्यांतल्या कामगारांसाठी होता. गावोगाव करवत घेऊन फिरणाऱ्या सुताराची नोंद कोण ठेवणार? नव्या खाणींचे पट्टे देणं सरकारनं १९८६ साली थांबवलं. पण रशियासारख्या देशांतून माल येतो, पत्रे बनतात, विकले जातात. फ्रान्सनं १९९७ साली, युरोपीय संघानं २००५ पर्यंत बंदी घातली. अमेरिकेनं पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आणली ती २०२४ साली. आपल्याकडं तो विकणं आजही गुन्हा नाही.

म्हणून घाबरून छप्पर सोडून पळायचं का? नाही. हे नीट समजून घ्यायला हवं. पत्र्यात धागा थोडा असतो, तो सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो. अखंड पत्र्याखाली झोपल्यानं माणूस मरत नाही. धोका आहे तो कापण्यात, फोडण्यात, घासण्यात, ग्राइंडर लावण्यात आणि जुना झालेला, पृष्ठभाग सुटू लागलेला पत्रा कोरडा झाडण्यात. म्हणजे नेमका घर दुरुस्तीला काढतो तेव्हाच.

तपासणी करायचं ठरलं. नुसतं पाहून पत्र्यात धागा आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं नमुना मागितला. आधीच तडकलेला एक कोपरा निवडला. साबणाच्या पाण्यानं तो चिंब केला, तोंडाला चांगला मास्क लावला, पकडीनं नाण्याएवढा तुकडा मोडला आणि दोन पिशव्यांत बंद केला. मोडलेल्या जागी रंग फासला. न्हाणीतला जुना सिमेंटचा धुराडा होता, त्याचाही तुकडा घेतला. ती कडेनं आपण फारसा बघत नाही. अम्मी दारात उभी राहून म्हणाली, "पत्रा कायकू धो रहा रे? बारिश तो धोती उसकू."

अहवाल आला. दोन्ही नमुन्यांत पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. खरं तर त्या काळचा नालीदार सिमेंट पत्रा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच, असं धरून चाललं तरी चुकणार नाही. पण भाऊ कागदाशिवाय मानणारा नव्हता आणि मिस्त्री तर मुळीच नव्हता. "सर, मी वीस वर्षं हेच फोडतोय, काय झालंय मला?" तो म्हणाला. मी त्याला अब्बांची गोष्ट सांगितली. अब्बांनाही वीस वर्षांत काही झालं नव्हतं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पोरं लहान हायत ओ माझी."

दुपारपर्यंत होणारं काम चार दिवस चाललं. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी फवारणीच्या पंपानं पत्रे भिजवायचे. गंजलेले नट तेल सोडून पान्यानं काढायचे, न निघाले तर हुकाचं लोखंड कापायचं, पत्रा नाही. वरून टाकायचा नाही, दोराला बांधून दोघांनी झेलायचा. रुमाल चालत नाही, धागा अडवणारा मास्कच हवा. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं. झाडू नाही, ओलं फडकं, आणि तेही शेवटी पिशवीत. पोरांचे कपडे तिथंच भिजवायचे, घरी न्यायचे नाहीत. मजुरी दुप्पट गेली. भावाचा चेहरा पडला होता, पण तो बोलला नाही. अब्बांच्या सदऱ्याचा तो ढग त्यालाही आठवत होता.

खरा पेच पुढं आला. शेजारची आक्का, विधवा, दोन शेरडांवर तिचा संसार. भावानं तिला आधीच शब्द दिला होता, पत्रे काढले की दहा-बारा तुला देतो. आपल्याकडं ही रीतच आहे. जुनं लाकूड, जुने पत्रे गरिबाला द्यायचे, त्यात सवाब आहे. आक्का सकाळपासून येऊन उभी. "बाबा, निघालं का पत्रं?" मी काय सांगू? तिचा भाऊ येऊन ते हातकरवतीनं कापणार, तिची नात ते तुकडे खेळणार. जे माझ्या भाच्यानं मुखवटेवाल्यांना पैसे देऊन दूर केलं, ते मी दान म्हणून तिच्या दारात टाकायचं? आपल्या घरातली बला दुसऱ्याच्या घरात लोटणं, याला सदका म्हणत नाहीत.

तिला बसवून सगळं सांगितलं. तिला ते खरं वाटलं नसावं. द्यायचं नसेल म्हणून कारण काढलं, असंच तिच्या डोळ्यांत दिसलं. शेवटी पुढच्या खोलीच्या फरशीचे पैसे कमी केले आणि तिच्या गोठ्यासाठी आठ नवे लोखंडी पत्रे आणून दिले. तेव्हा ती म्हणाली, "मग तुमचं जुनं खरंच वाईट हाय म्हणायचं."

आता ते बावीस पत्रे. पायात भर घालू दिले नाहीत, कारण उद्या कुणी तीच जमीन उकरणार. ओढ्याकाठी टाकले नाहीत. २०१९ च्या महापुरानंतर रस्त्याकडेला फुटक्या पत्र्यांचे ढीग आम्ही पाहिले आहेत. घातक कचरा शास्त्रशुद्ध पुरण्याची सोय रांजणगावला, तळोजाला आहे, पण ती कारखान्यांच्या मापाची. एका घराचे बावीस पत्रे तिथवर न्यायचे तर आणखी काही घरं एकत्र यायला हवीत. मी तसं चार ठिकाणी बोललो आहे. तोवर पत्रे परसात जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, विटांवर रचून ठेवले आहेत. दर पावसाळ्याआधी मी प्लॅस्टिक फाटलं का ते पाहून येतो.

मी साठीला आलो. छातीचा फोटो काढून घेतला, सध्या तरी साफ आहे. भावालाही काढायला लावला. डॉक्टरांना या वेळी सांगितलं की लहानपणी आम्ही काय काम करत होतो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. अब्बांच्या कागदांवर ती ओळ कधीच लिहिली गेली नाही.

घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये खरेदीखत आहे, सात-बारा आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत. आता त्यात प्रयोगशाळेचा अहवाल आहे आणि माझ्या हातची एक चिठ्ठी: परसात लिंबाखाली बावीस पत्रे आहेत, त्यात काय आहे, ते कुणी फोडू नये, कुणाला देऊ नये. मुलगा म्हणाला, "अब्बा, वसियतमध्ये लोक जमीन लिहितात." मी म्हटलं, ही पण अमानतच आहे, बेटा. सांभाळून ठेव.