उतरण

सायकल मला आधी चालवता आली, उतरता फार उशिरा. अण्णांची काळी, नळीची, चोवीस इंची सायकल आणि मी आठ वर्षांची. नळीखालून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर टाकायचा, कंबर वाकडी करायची आणि अर्धं पायडल मारत जायचं. वेग धरला की सगळं जमायचं, पण थांबायची वेळ आली की पाय जमिनीला पुरायचे नाहीत. मग गावाबाहेरच्या म्हसोबाच्या ओट्यापर्यंत जायचं, ओट्याला पाय टेकवायचा आणि तिथंच उतरायचं. ओटा चुकला तर पुढं उसाचा बांध. त्या बांधाची खूण माझ्या गुडघ्यावर अजून आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूसकडचं. कृष्णाकाठची काळी माती, पावसाळ्यात चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक फिरेनासं होतं. मग काडीनं तो खरवडत बसायचं. नांगरटीत चुनखडीचे पांढरे खडे वर यायचे, ते आम्ही खेळायला गोळा करायचो. बाकी सगळा मुलूख सपाट, फक्त एका बाजूला सागरेश्वरचे डोंगर.

अण्णांनी मला उतरायला दोन वेळा शिकवलं. पहिल्यांदा शरीरानं: वेग मरू द्यायचा, भार डाव्या पायडलवर घ्यायचा, उजवा पाय मागून काढायचा आणि सायकलबरोबर दोन पावलं चालायचं. दुसऱ्यांदा शिकवलं ते मनानं. समोरून आमचे गुरुजी चालत येत होते. मी घंटी वाजवली, मोठ्यांदा "नमस्कार गुरुजी" म्हटलं आणि तशीच पुढं निघून गेले. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "बाळ, गुरुजी पायी चालले होते ना? मग आपण वर बसून नमस्कार करायचा नसतो. उतरायचं." त्यानंतर गुरुजी दिसले, गावातलं वडीलधारं माणूस दिसलं, पालखी आली, कुणाची अंत्ययात्रा आली, की मी उतरायची. सायकल हातात धरून कडेला उभी राहायची. त्या काळी आमच्या भागात सगळेच असं करायचे. सायकलवरून उतरणं हा नमस्कारच होता.

सागरेश्वरचे डोंगर माझ्या लहानपणी उघडेबोडके होते. चराईनं आणि कुऱ्हाडीनं सोलून काढलेले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि लोकांच्या श्रमांतून तिथं झाडं उभी राहिली, आणि 1985 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण माणसांनी लावून वाढवलेलं. माझी शाळा संपत आली तेव्हा डोंगराचा रंग बदलायला लागला होता. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्या रस्त्यानं सायकलवर जाताना वास्तविक कडेला उभं राहण्यासारखं कुणी समोरून येत नसायचं. तरी एकदा त्या हिरव्या उतारासमोर मी आपोआप उतरले होते. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

पुढं नोकरीनं साताऱ्याला आले. आजी म्हणायची, "एकाच जिल्ह्यात तर चाललीयस." तिच्या लेखी ते खरंच होतं. 1949 मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या दिवसांतले निरोप ज्या डोंगरवाटांनी गेले, त्या वाटांना ही सीमा माहीतच नव्हती. पण सायकलच्या चाकाला मात्र फरक लगेच कळला. सांगलीत नदी सोबत असते, साताऱ्यात चढण.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या पैशानं पहिली गिअरची सायकल घेतली. रुंद टायर, त्यांवर जाड नक्षी, पुढं दणके सोसणारा काटा. या सायकलींची जात जन्मली तीच मुळी उतारावर. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तमलपाइसच्या परिसरात काही तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी खाली सुटायचे. एका उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, कारण खाली पोचेपर्यंत ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. तिथं 1976 मध्ये शर्यत सुरू झाली आणि 1996 मध्ये हा खेळ अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये पोचला.

परदेशातले लोक चुनखडीच्या दऱ्यांतून, झाडीतून सायकली हाकतात, ते मी व्हिडिओवर तासन्‌तास बघते. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, त्यातून घळी आणि गुहा कोरल्या जातात. आपला काळा कातळ मात्र लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. तो विरघळत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी झिजतो. भूगर्भशास्त्रात त्याला 'ट्रॅप' म्हणतात, ते नाव स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलं. सज्जनगडाच्या वाटेवर उभं राहून समोरचे डोंगर पाहिले की तो जिना उघड दिसतो. आणि जिन्याच्या माथ्यावर तांबडा, सच्छिद्र जांभा. आमच्याकडे त्या सपाट माथ्याला सडा म्हणतात.

ठोसेघरच्या वर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे गेलं की मुरमाच्या वाटा फुटतात. मी तिथं शिकले. चढताना अंग पुढं घ्यायचं, नाहीतर पुढचं चाक उचलतं. टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे ते दगडाला धरून चालतं. उतरताना सीटच्या मागं सरकायचं, गुडघे सैल सोडायचे, ब्रेकवर दोनच बोटं ठेवायची. आणि नजर दगडावर ठेवायची नाही, वाटेवर ठेवायची, कारण नजर जिथं तिथंच चाक जातं. नुसता मागचा ब्रेक आवळला तर चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं, माती सोलत. या वाटा आमच्यासाठी कुणी आखलेल्या नाहीत. गुरांनी, गुराख्यांनी, डोक्यावर भारा घेतलेल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून त्या केल्या. म्हणून त्या वळतात ते बरोबर जागी: पाण्याला बगल देऊन, मोठ्या झाडाच्या सावलीतून.

हे कळत असूनही एक चूक माझ्या हातून झाली. कास पठाराच्या वाटेवरच्या एका उघड्या सड्यावर जूनच्या अखेरीस, चार पाऊस झाल्यावर, मी वाट सोडून सायकल घातली. समोर सगळं मोकळं, धुकं उतरलेलं, चाकाखाली मऊ ओलावा. पंधरा-वीस मिनिटं मी त्या सड्यावर फिरले. इतकी निर्भर मी आयुष्यात क्वचितच झाले असेन.

सप्टेंबरात पुन्हा गेले ती फुलं बघायला. सगळा सडा भरला होता. गेंदाचे पांढरे ठिपके, सोनकीचा पिवळा रंग, पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. आणि त्यातून चार बोटं रुंद, एक मोकळी रेघ. मी वाकून पाहिलं. टायरच्या नक्षीचे ठसे अजून ओळखू येत होते. जांभ्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो. त्या थरात बी असतं, आणि कातळाच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यावर ती फुलं जगतात. सीतेची आसवं तर अशा गरीब मातीत वाढतात की पोषणासाठी सूक्ष्म जीव पकडून खातात. माझ्या चाकानं तिथं चर पाडला होता आणि त्या चरातून डबक्यातलं पाणी कड्याकडे वाहून गेलं होतं. चराच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा कोरडा पडला होता. त्याहून वाईट म्हणजे माझ्या रेघेवरून मोटारसायकलींच्या दोन रेघा गेल्या होत्या. कुणीतरी गेलंय म्हटल्यावर इथून वाट आहे, असं पुढच्याला वाटणारच. ज्या वाटेला पिढ्या लागतात, तशी दिसणारी जखम मी वीस मिनिटांत केली होती.

त्या दिवशी मला अण्णांचं वाक्य नव्यानं ऐकू आलं. गुरुजी पायी चालले होते, तसा हा सडाही त्याच्या चालीनं चाललेला. लाव्हा थंड होऊन कातळ झाला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. तो झिजून जांभा झाला, जांभ्याच्या फटीत चिमूटभर माती धरली, त्या मातीनं वायतुऱ्यासारखी जगात फार थोड्या ठिकाणी उगवणारी वनस्पती सांभाळली. टोपली कारवी तर फुलण्याआधी सात वर्षं वाट बघते. 2012 मध्ये युनेस्कोनं कासचं नाव जागतिक वारशात घेतलं. पण एवढ्या वयाचं वडीलधारं समोर आल्यावर उतरायला युनेस्कोच्या पाटीची गरज नव्हती. अण्णांची शिकवण पुरेशी होती.

तेव्हापासून मी उतरते. वाट संपून सडा सुरू झाला की उतरते. वाटेत पाणी साचलं असेल तर उतरते, कडेनं चाक घालून वाट रुंद करत नाही. शिराळ्याच्या बाजूनं चांदोलीकडे गेले की जंगलाच्या नाक्याशी सायकल लावून ठेवते. आतल्या गावांना धरणासाठी आणि जंगलासाठी आपल्या वाटा सोडून उठावं लागलं. मग माझ्या हौसेनं दारात थांबावं, हे फार मोठं मागणं नाही. सायकलीला वाटा कमी पडत नाहीत. धनगरवाडे जोडणाऱ्या वाटा आहेत, पवनचक्क्यांच्या मुरमाच्या वाटा आहेत, कासवरून महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग आहे. त्यांच्यावर चाक मनसोक्त फिरवावं.

गेल्या पावसाळ्यात कासच्या अलीकडं मी अशीच उतरून सायकल हातात धरून चालले होते. म्हशी घेऊन एक म्हातारे गृहस्थ समोरून आले. डोक्यावर इरलं, हातात काठी.

"काय वो ताई, पंचर झाली काय?"

"नाही बाबा. सडा लागला, म्हणून उतरले."

त्यांनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा माझ्या पायांकडे. मग पाणंदीतून सड्यावर चढू पाहणाऱ्या म्हशीला काठीनं वळवून वाटेवर घेतलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

मी कडेला उभी राहिले. म्हशी एकेक करून पुढं गेल्या, त्यांच्यामागून ते गेले. ते वळणाआड होईपर्यंत मी सायकलवर बसले नाही.